किटी कर्कपॅट्रिक: हैदराबादची लेक इंग्लंडची कशी झाली?

कळंब १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होतं, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८०२ मध्ये साहिब बेगम जन्मली. वडील जेम्स कर्कपॅट्रिक दरबारातले इंग्रज रेसिडेंट, आई खैर-उन-निसा. या संबंधाची कंपनीने चौकशीही लावली होती. निकाहाला इंग्रजांच्या लेखी लग्नाचा मान नव्हता. जेम्सने मुलं मात्र कधी नाकारली नाहीत. प्रश्न बाप कोण हा नव्हताच, मुलं कुठे वाढणार हा होता. तो त्याने ठरवला.

१८०५ मध्ये तीन वर्षांची साहिब बेगम आणि चार वर्षांचा भाऊ मद्रासहून जहाजाने इंग्लंडला, आजोबांकडे निघाले. काही आठवड्यांतच जेम्स कलकत्त्यात वारला. तिकडे मुलांचा बाप्तिस्मा झाला. साहिब बेगमची कॅथरीन, घरातली किटी झाली. आई १८१३ मध्ये गेली. मुलांना निरोप दिला तो शेवटचाच.

निघण्यापूर्वी मद्रासला चित्रकार चिनरीने दोघा भावंडांचं चित्र काढलं होतं. कितीतरी वर्षांनी ते किटीला इंग्लंडमध्येच, हेन्री रसेलच्या घरी, भिंतीवर दिसलं. १८४१ मध्ये हैदराबादच्या आजीशी, शरफ-उन-निसाशी, पत्रव्यवहार सुरू झाला. आजीची पत्रं फारसीत! किटी १८८९ मध्ये टॉर्की इथे वारली. हैदराबाद तिने पुन्हा पाहिलं नाही.