गुंटूरच्या डॉक्टर सिस्टर मेरी ग्लाउरी



येत्या ११ फेब्रुवारीला लूर्द मातेचा सण आहे. १९९३ सालापासून ख्रिस्तसभा हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळते. या दिवशी आपण धर्मग्रामातील आजारी व वयोवृद्ध माणसांसाठी प्रार्थना करतो, त्यांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करतो. लगेच दुसऱ्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, आणखी एक आठवण येते. ती मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १२ फेब्रुवारी १९२० रोजी ऑस्ट्रेलियाहून निघालेली एक बत्तीस वर्षांची डॉक्टर गुंटूर या गावी येऊन पोहोचली. गुंटूर तेव्हा मद्रास इलाख्यात होते, आज ते आंध्र प्रदेशात आहे. त्या डॉक्टर पुन्हा कधीच मायदेशी परतल्या नाहीत. त्यांचे नाव मेरी ग्लाउरी.

मिशनचे हॉस्पिटल हा शब्द आपल्या तोंडी अगदी सहज येतो. आपल्यातील कितीतरी जणांचा जन्म अशा रुग्णालयात झाला आहे आणि आपल्या कितीतरी मुलींनी तेथेच नर्सिंगचे शिक्षण घेतले आहे. परंतु देशभर विखुरलेली ही रुग्णालये व दवाखाने एका सूत्रात कुणी बांधले, हे आपण सहसा विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर सिस्टर मेरींच्या जीवनात आहे. म्हणूनच या आठवड्यात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

मेरींचा जन्म २३ जून १८८७ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात बिररेगरा या छोट्या गावी झाला. घराणे मूळचे आयर्लंडचे, भाविक आणि साधे. नऊ भावंडांत त्यांचा क्रमांक तिसरा. त्यांचे बालपण वॉचेम नावाच्या खेड्यात, कोरड्या गव्हाच्या मुलुखात गेले. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत चांगले धर्मगुरू आणि चांगले डॉक्टर मिळावेत म्हणून हे कुटुंब देवाकडे मागणे मागत असे. आपल्याच घरातून एक डॉक्टर जाणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

मुलगी अभ्यासात हुशार होती. शिष्यवृत्ती मिळवून ती शिकायला मेलबर्नला गेली. मेलबर्न विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणाचे दार स्त्रियांसाठी पहिल्यांदा उघडले ते १८८७ साली, म्हणजे मेरी जन्मल्या त्याच वर्षी. मेरींनी आधी कला शाखेत नाव घातले होते, पुढे त्या वैद्यकशास्त्राकडे वळल्या. १९१० साली त्या डॉक्टर झाल्या. काही काळ न्यूझीलंडमध्ये काम करून त्या मेलबर्नला परतल्या. तेथील नेत्र व कर्णरुग्णालयात आणि धर्मभगिनींच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात त्या काम करीत. शहरातील डॉक्टरांचा प्रतिष्ठित रस्ता म्हणजे कॉलिन्स स्ट्रीट. तेथे त्यांचा स्वतःचा दवाखानाही होता. नाव झाले होते, पैसा मिळत होता. घरच्यांना अभिमान वाटावा असे सगळे चालले होते.

मग २४ ऑक्टोबर १९१५ चा रविवार उजाडला. त्या दिवशी त्यांच्या वाचनात एक छोटी पुस्तिका आली. आपल्या हाती रविवारी पडते तशीच, चार पानांची म्हणावी इतकी साधी गोष्ट. त्या पुस्तिकेत डॉ. ॲग्नेस मॅक्लेरन या स्कॉटिश बाईंची हकिगत होती. डॉ. ॲग्नेस वयाच्या साठीनंतर कॅथलिक झाल्या होत्या. हिंदुस्थानातील बायका आजारी पडल्या तरी पुरुष डॉक्टरांपुढे जात नाहीत, पडद्याआड तशाच तळमळत राहतात आणि बाळंतपणात प्राण सोडतात, हे कळल्यावर त्यांनी रावळपिंडीला स्त्रियांसाठी रुग्णालय उभे केले. पण त्या रुग्णालयात कायम राहून सेवा करील अशी डॉक्टर मिळेना. धर्मभगिनी आयुष्यभर राहिल्या असत्या, परंतु त्या काळच्या ख्रिस्तसभेच्या नियमानुसार व्रतस्थ भगिनींना वैद्यकी करण्याची, विशेषतः बाळंतपणे करण्याची मुभा नव्हती. हा नियम बदलावा म्हणून डॉ. ॲग्नेस यांनी रोमला वारंवार विनंती केली. १९१३ साली त्या वारल्या तेव्हाही नियम तसाच होता.

पुस्तिका वाचून होताच आपले आयुष्य कुठे खर्च करायचे आहे, हे मेरींना कळून चुकले. तरी त्या लगेच उठून निघाल्या नाहीत. महायुद्ध चालू होते. शिवाय १९१६ साली मेलबर्नमध्ये कॅथलिक स्त्रियांची एक समाजसेवी संघटना स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या अध्यक्षपदाची जबाबदारी मेरींवर आली. गरीब कामकरी स्त्रिया व मुले यांच्या प्रश्नांवर त्यांनी तेथे काम केले. एकट्या माणसाच्या दयेला मर्यादा असते आणि चार जणांनी शिस्तीने एकत्र केलेले काम लांब जाते, हा धडा त्या येथेच शिकल्या असाव्यात. हिंदुस्थानात जे लागेल तेच शिकून घ्यावे म्हणून त्यांनी प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग व नेत्ररोग या विषयांचा पुढील अभ्यास केला आणि १९१९ च्या अखेरीस एम.डी. पदवी मिळवली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्या बोटीत बसल्या.

गुंटूरला हॉलंडमध्ये स्थापन झालेल्या येशू-मरिया-जोसेफ संघाच्या धर्मभगिनी काम करीत होत्या. मेरी त्या संघात दाखल झाल्या आणि त्यांनी सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट हे नाव घेतले. वैद्यकीचा प्रश्न होताच. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांना खास परवानगी दिली आणि व्रतस्थ राहून डॉक्टरी करणारी पहिली धर्मभगिनी म्हणून त्यांचे नाव ख्रिस्तसभेच्या इतिहासात नोंदले गेले. सर्वच धर्मभगिनींसाठी हा नियम रोमने शिथिल केला तो पुढे १९३६ साली. नियम बदलण्याची वाट पाहत मेरी घरी बसून राहिल्या असत्या तर त्या सोळा वर्षांत गुंटूरच्या किती माता दगावल्या असत्या!

काम साध्या दवाखान्यातून सुरू झाले. त्यातूनच पुढे सेंट जोसेफ रुग्णालय उभे राहिले. सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टर म्हणून त्या एकट्याच होत्या. उन्हाळा असह्य, भाषा परकी, औषधांची चणचण आणि दारात रोज्यांची रीघ. येणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे लोक असत. ज्यांना येता येत नसे त्यांच्यासाठी सिस्टर खेड्यांत जात.

इतक्या गर्दीत डॉक्टरने आपले डोके वर काढू नये, समोरचा रोगी तपासावा, हेच कुणालाही योग्य वाटले असते. सिस्टर मेरींनी मात्र त्यातूनही वेळ काढून गावातल्या मुलींना शिकवायला घेतले. कुणाला औषधे तयार करून देण्याचे, कुणाला सुइणीचे, कुणाला परिचारिकेचे शिक्षण दिले. परदेशी डॉक्टर आज आहे, उद्या नसेल. गावची मुलगी मात्र गावात राहते. ती शिकली की बाळंतिणीला गरम पाणी, स्वच्छ हात आणि योग्य वेळी योग्य सल्ला घराच्या उंबऱ्यावर मिळतो. रुग्णालयाने गावाला काय द्यावे, याचे हे त्यांचे उत्तर होते. औषध तर द्यावेच, पण औषधाचे ज्ञानही गावाच्या हाती सोपवावे.

वर्षे गेली, तशी आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. देशात ठिकठिकाणी धर्मभगिनींचे दवाखाने होते. प्रत्येक जण आपापल्या जागी राबत होता, पण एकमेकांची गाठ नव्हती. एका ठिकाणी शिकवायला कुणी नाही, दुसऱ्या ठिकाणी औषध नाही, तिसऱ्या ठिकाणी सिस्टर आजारी पडली की दवाखान्याला कुलूप. २९ जुलै १९४३ रोजी गुंटूर येथे सिस्टर मेरी आणि आणखी सोळा धर्मभगिनी एकत्र बसल्या आणि कॅथलिक हॉस्पिटल असोसिएशनची स्थापना झाली. तेव्हा सिस्टर मेरी छप्पन्न वर्षांच्या होत्या. महायुद्धाचे दिवस होते आणि त्याच वर्षी बंगालात दुष्काळाने माणसे मरत होती. योगायोग असा की, देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी सरकारनेही त्याच वर्षी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर. खेड्यापाड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना या समितीच्या १९४६ च्या अहवालातून पुढे आली.

सतरा धर्मभगिनींनी सुरू केलेल्या या संघटनेचा हेतू साधा होता. परिचारिका व डॉक्टर नीट शिकलेले असावेत, लहान दवाखान्याला मोठ्या रुग्णालयाचा आधार असावा, गरिबाचा जीवही श्रीमंताच्या जिवाइतकाच मोलाचा मानला जावा. आपल्या समाजाचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय असावे, हेही सिस्टर मेरींचे स्वप्न होते. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कर्करोगाच्या वेदना सोसून ५ मे १९५७ रोजी बेंगळुरू येथे त्यांनी देह ठेवला. सहा वर्षांनी, १९६३ साली, त्याच शहरात भारतीय बिशपांच्या परिषदेने सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथे शिकून डॉक्टर झालेल्यांनी काही काळ ग्रामीण भागात सेवा करावी, अशी त्या महाविद्यालयाची रीत आहे.

पुढे संघटनेचे नाव कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया असे झाले. तिच्या सदस्य संस्थांची संख्या साडेतीन हजारांच्या वर गेली. त्यांतील बहुतेक संस्था म्हणजे खेड्यांतील लहान आरोग्य केंद्रे. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा या संघटनेसह देशातील ख्रिस्ती आरोग्यसंस्थांनी एकत्र येऊन आपली हजारावर रुग्णालये व सुमारे ६० हजार खाटा देशाच्या सेवेसाठी देऊ केल्या. एकेकटा दवाखाना असे काही करू शकला नसता. २०१३ साली ख्रिस्तसभेने सिस्टर मेरींना देवाची सेविका म्हणून जाहीर केले. संतपदाच्या वाटेवरील ही पहिली पायरी होय.

बंधुभगिनींनो, येथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. मिशनचे हॉस्पिटलसुद्धा आता परवडत नाही, अशी तक्रार आपल्या धर्मग्रामात ऐकू येते. बिलाचा कागद हाती घेऊन खिडकीपाशी उभे राहण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर आली आहे. ही तक्रार कान बंद करून टाळता येणार नाही. यंत्रे महागली, औषधे महागली, काम करणाऱ्यांना योग्य पगार हवा, हेही तितकेच खरे आहे. सेवाभावी रुग्णालय म्हणजे जेथे काहीच पैसे लागत नाहीत असे रुग्णालय नव्हे. जेथे उरलेला पैसा मालकाच्या खिशात न जाता पुन्हा रोग्यांसाठी, शिक्षणासाठी व गावासाठी वापरला जातो, ते सेवाभावी रुग्णालय. त्या कसोटीवर आपल्या संस्थांना तपासण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्यांना मदत करण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.

एक माहिती येथे मुद्दाम देत आहोत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतील २ टक्के वेगळे काढून निधी ठेवावा लागतो. ही सवलत पुष्कळ जण केवळ माहिती नसल्यामुळे मागत नाहीत. शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार ठेवावा आणि रुग्णालयात गेल्यावर तेथील समाजसेवा विभागात चौकशी करावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासोबत आपल्यापैकी कुणीतरी जावे. सोबत जाणे हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने जखमा बांधल्या, एवढेच आपल्या लक्षात राहते. पण त्याने त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेले, उतारशाळेच्या रक्षकाला पैसे दिले आणि आपण निघून गेल्यावरही त्याची काळजी घेतली जाईल अशी सोय केली. सिस्टर मेरींनी आयुष्यभर हेच केले. स्वतःच्या हातांनी जखमा बांधल्या आणि आपल्यामागे उतारशाळा चालू राहील अशी तजवीज करून ठेवली.

त्या एका पुस्तिकेने एका तरुण डॉक्टरचे आयुष्य बदलले. हे पान वाचणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींपैकी कुणाला नर्सिंगची, वैद्यकीची किंवा व्रतस्थ जीवनाची हाक ऐकू येत असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. आणि आपण बाकीच्यांनी या रुग्णदिनी आपल्या आळीतील एका तरी आजारी माणसाच्या घरी जावे, दहा मिनिटे बसावे, औषध आहे का, दवाखान्यात न्यायला कुणी आहे का, एवढे विचारावे.

सिस्टर मेरी ग्लाउरी यांच्यासाठी आपण देवाचे आभार मानू या आणि आपल्या धर्मग्रामातील सर्व आजाऱ्यांना, त्यांची सेवा करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका व घरच्या माणसांना लूर्द मातेच्या पदराखाली सोपवू या.