प्रार्थनेचे गाव

जालना म्हटले की मोसंबीच्या बागा आणि बी-बियाणांचा व्यापार डोळ्यांपुढे येतो. याच जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका मराठी माणसाने एक नवे गाव वसविले. ज्यांना गावात मानाची जागा नव्हती, अशा लोकांसाठी ते होते. त्या गावाचे नाव बेथेल आणि ते वसविणाऱ्या पुरुषाचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

नारायणरावांचा जन्म ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. तेथे इंग्रजी विद्येबरोबर बायबलचाही अभ्यास होत असे. तो करता करता या बुद्धिमान तरुणाचे मन ख्रिस्ताच्या शिकवणुकीकडे ओढले गेले आणि १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

त्या काळी धर्म बदलणे म्हणजे घरादारास आणि जातगोतास मुकणे होते. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्यांच्या पाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला. तो वयाने लहान होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने श्रीपतला त्यांच्या स्वाधीन केले. मुलगा घरी परत आला खरा. पण त्याने परधर्मीयांच्या घरचे अन्न खाल्ले होते. त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत मोठे रण माजले. अजाण मुलाला शुद्ध करून घ्यावे, अशी बाजू ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतली, तेव्हा त्यांनाही सनातनी मंडळींचा रोष सोसावा लागला. एका घरातील दोन भावंडे अशी दुरावली. थोरल्याने आपला मार्ग सोडला नाही. परंतु त्या मार्गाची किंमत किती जबर असते, हे त्याने कोवळ्या वयातच जाणले.

१८५४ साली नारायणरावांना धर्मोपदेशकाची पदवी मिळाली. पुढे १८६० नंतरच्या दशकात ते जालन्यास आले. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे फौजेची छावणी होती आणि बाजारपेठही होती. मात्र आसपासच्या खेड्यांत अस्पृश्य लेखल्या गेलेल्या महार आणि मांग समाजांची स्थिती फार हलाखीची होती. त्यांनी वेशीबाहेर राहावे, पडेल ते काम करावे आणि मिळेल त्या तुकड्यावर दिवस काढावेत, अशी रीत होती. ज्या कुळात नारायणराव जन्मले होते, त्या कुळात या लोकांच्या सावलीचाही विटाळ मानीत. नारायणराव मात्र त्यांच्या झोपड्यांत गेले, त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना मराठीतून उपदेश करू लागले.

ज्यांनी नवा धर्म स्वीकारला, त्यांच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. जुन्या गावातील आधार तुटला, तर राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय? केवळ उपदेशाने पोट भरत नाही, हे नारायणरावांना उमगले होते. त्यांनी हैदराबादचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळविली. दिवाण मुसलमान, जमीन मागणारा ख्रिस्ती आणि ती कसणारे गावकुसाबाहेरचे कष्टकरी, असा हा योग होता. तेथे घरे उभी राहिली, विहिरी खोदल्या गेल्या आणि शेते पिकू लागली. शाळा निघाली आणि प्रार्थनेसाठी मंदिरही उभे राहिले.

‘बेथेल’ हा शब्द हिब्रू भाषेतील असून त्याचा अर्थ ‘देवाचे घर’ असा आहे. बायबलमध्ये याकोबाची कथा आहे. घर सोडून निघालेला याकोब रानात दगड उशाशी घेऊन झोपला असता त्याला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचणारी शिडी दिसली. जागा झाल्यावर त्याने त्या ठिकाणाला बेथेल हे नाव दिले. घराला पारख्या झालेल्या माणसांच्या गावाला याहून समर्पक नाव कोणते मिळाले असते?

आपल्या देशासाठी व राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, ही ख्रिस्ती लोकांची फार जुनी चाल आहे. तिचे एक मूळ यिर्मया या संदेष्ट्याच्या पत्रात सापडते. शत्रूने बाबेल नगरीत पकडून नेलेल्या आपल्या देशबांधवांना त्याने ते पत्र लिहिले होते. घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात राहता त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. त्याच्या सुखातच तुमचे सुख आहे, असा त्या पत्राचा आशय होता. बेथेलचा इतिहास वाचताना या पत्राची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. तेथेही घर, मळा आणि प्रार्थना ही तिन्ही एकाच ठिकाणी नांदली.

नारायणरावांची कीर्ती समुद्रापलीकडेही गेली. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेस ते उपस्थित राहिले. त्यांनी धर्म बदलला होता. पण पगडी सोडली नव्हती. डोक्यावर पगडी आणि अंगात देशी पोशाख अशा वेषात ते त्या सभेत उभे राहिले आणि परदेशी लोकांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडली. ख्रिस्ती झालेला मनुष्य परका होतो, असे मानणाऱ्यांना त्यांच्या वेषानेच उत्तर मिळाले.

१८९१ साली नारायणरावांचे निधन झाले. त्यानंतर जालन्याच्या भूमीने अनेक स्थित्यंतरे पाहिली. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९८१ साली जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. निजाम गेले, दिवाण गेले आणि लोकांनी निवडून दिलेले राज्यकर्ते आले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत देशासाठीची प्रार्थना मात्र आजही होते. देशात शांतता नांदावी, राज्य चालविणाऱ्यांना सद्बुद्धी लाभावी आणि दुबळ्यांना न्याय मिळावा, असे मागणे तीत असते. नारायण शेषाद्रींनी जालन्याच्या माळावर या मागण्याला विहीर, शेत आणि शाळा यांची जोड दिली.