जगाला बर्फावर वळायला शिकवणाऱ्या मास्तरलाच नाझींनी गावाबाहेर काढलं

गुलमर्ग किंवा औलीला जाऊन पहिल्यांदा पायात स्की बांधली की इन्स्ट्रक्टर सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवतो. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब करायची. वरून पाहिलं तर पिझ्झाचा तुकडा दिसतो. हा झाला ब्रेक. मग गुडघे वाकवा, अंग थोडं पुढे झुकवा, आता एका पायावर जरा जास्त वजन टाका. आणि काय आश्चर्य, माणूस चक्क वळतो.

आधी ब्रेक, मग वळण, मग वेग. आज हा क्रम इतका साधा वाटतो की तो कुणीतरी बसून ठरवला असेल असं डोक्यातही येत नाही. पण हा क्रम पक्का करून जगभर पोहोचवण्यात एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. त्याचं नाव हानेस श्नायडर.

हानेसचा जन्म १८९० चा, ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग खिंडीजवळच्या स्टुबेन नावाच्या चिमुकल्या गावातला. हिवाळ्यात या गावात बर्फाशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. त्या काळात स्की म्हणजे नॉर्वेकडून आलेली नवी गोष्ट होती. व्हिक्टर सोम नावाचा एक स्कीपटू या भागात यायचा. त्याच्याकडून हानेसने स्कीइंगचे धडे घेतले आणि बघता बघता पोरगं तरबेज झालं.

१९०७ मध्ये, म्हणजे अवघ्या १७ व्या वर्षी, त्याला खिंडीपलीकडच्या सेंट अँटन गावात नोकरी लागली. हॉटेल पोस्टमध्ये उतरणाऱ्या पाहुण्यांना स्की शिकवायची. आर्लबर्गच्या बोगद्यामुळे सेंट अँटनला रेल्वे पोहोचली होती, त्यामुळे शहरातून हौशी पाहुणे यायचे. पण या पाहुण्यांना शिकवायचं कसं?

नॉर्वेची पद्धत होती ताठ उभं राहून, एक पाय पुढे टाकून, मागची टाच उचलत वळायची. तिकडच्या टेकड्यांवर ती शोभायची, आल्प्सच्या खड्या उतारावर माणूस धडपडायचा. ऑस्ट्रियाच्याच माथियास झ्दार्स्कीने खड्या उतारासाठी वेगळं तंत्र काढलं होतं. पण त्यात हातात एकच लांब काठी असायची आणि सगळा भर सावकाश, जपून उतरण्यावर होता.

हानेसला वेगही हवा होता आणि ताबाही. त्याने दोन काठ्या घेतल्या, गुडघे वाकवून खाली बसल्यासारखा पवित्रा घेतला आणि वजन पुढे ठेवलं. एक स्की तिरकी करून वळण सुरू करायचं आणि दोन्ही स्की जुळवून ते पूर्ण करायचं. हेच पुढे आर्लबर्ग तंत्र म्हणून गाजलं.

युद्धाने शिकवलं, शिकवायचं कसं

मग पहिलं महायुद्ध आलं. हानेसकडे पहाडी सैनिकांना स्की शिकवायचं काम आलं. एकेकाला हात धरून शिकवायला वेळ नव्हता. त्यामुळे गट पाडायचे, सगळ्यांना एकाच क्रमाने शिकवायचं, एक पायरी जमली की पुढची.

युद्ध संपल्यावर सेंट अँटनला परतून त्याने आपल्या स्की स्कूलमध्ये हेच सूत्र लावलं. पाहुणा कितीही मोठा असो, त्याचा वर्ग त्याच्या खिशावर नाही, तर त्याला काय येतं त्यावर ठरायचा. इन्स्ट्रक्टर कोणीही असो, पद्धत एकच. त्यामुळे ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता असे लोकही आठवडाभरात उतार उतरायला लागले. तोवर मोजक्या धाडसी लोकांचा असलेला हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

त्यात भर पडली सिनेमाची. अर्नोल्ड फांक या दिग्दर्शकाच्या चित्रपटांत हानेस झळकला. १९३१ च्या एका चित्रपटात तर तो लेनी रिफेनश्टालला स्की शिकवताना दिसतो. १९३० मध्ये त्याला जपानने बोलावलं. १९२८ मध्ये इंग्रज स्कीपटू अर्नोल्ड लन याच्यासोबत त्याने आर्लबर्ग-कांदाहार ही शर्यत सुरू केली. १९३६ मध्ये अमेरिकेत बंद स्टेडियममध्ये बर्फ पसरून त्याचे प्रयोग झाले.

आणि मग आला मार्च १९३८

हानेस नाझींचा विरोधक होता आणि ते त्याने लपवलं नव्हतं. नाझी समर्थकांना त्याच्या स्की स्कूलमध्ये थारा नव्हता. शिवाय सेंट अँटनचं पर्यटन उभं करणारा त्याचा जवळचा सहकारी रुडॉल्फ गोम्पर्झ ज्यू कुटुंबात जन्मलेला होता.

१२ मार्च १९३८ ला हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि लगेच हानेसला अटक झाली. ज्या गावाला त्याने जगाच्या नकाशावर आणलं, तिथूनच त्याला उचलून लांडेकच्या तुरुंगात टाकलं. त्याच दिवसांत सेंट अँटनला आर्लबर्ग-कांदाहार शर्यत व्हायची होती. अर्नोल्ड लनने निषेध म्हणून ती रद्द करून टाकली.

पुढे हानेसची तुरुंगातून सुटका झाली, पण घरी जायची परवानगी मिळाली नाही. त्याला जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनमध्ये नजरकैदेत ठेवलं.

मदत आली ती थेट अमेरिकेतून. हार्वे गिब्सन हा न्यूयॉर्कचा बडा बँकर मूळचा न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॉर्थ कॉनवेचा. आपल्या गावात स्कीइंग वाढवायचं त्याच्या मनात होतं आणि हानेसचा एक शिष्य तिथे आधीपासून शिकवत होता. जर्मनीने घेतलेल्या कर्जांच्या वाटाघाटींत गिब्सनचं वजन होतं. ते त्याने इथे वापरलं.

फेब्रुवारी १९३९ मध्ये हानेस पत्नी आणि दोन मुलांसह नॉर्थ कॉनवे स्टेशनवर उतरला. गावातल्या पोरांनी स्कीच्या काठ्यांची कमान करून त्याचं स्वागत केलं.

गोम्पर्झच्या नशिबी ते नव्हतं. १९४२ मध्ये नाझींनी त्याची हत्या केली.

हानेसने नॉर्थ कॉनवेच्या क्रॅनमोर टेकडीवर पुन्हा पहिल्या पायरीपासून शिकवायला सुरुवात केली. मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमधून इटलीत लढला. शिष्य फ्रीडल फाइफरही याच डिव्हिजनमध्ये होता. युद्धानंतर त्याने अ‍ॅस्पेनला स्कीइंगचं मोठं केंद्र बनवायला हातभार लावला. २६ एप्रिल १९५५ ला हानेसने नॉर्थ कॉनवेमध्येच शेवटचा श्वास घेतला.

त्यानंतर तंत्र बरंच बदललं. स्की आखूड आणि कमरेत निमुळत्या झाल्या, दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं सोपं झालं. पण नवख्यांसाठी हानेसचे धडे आजही लागू पडतात. घाबरून मागे रेलू नका, कारण वजन मागे गेलं की स्कीवरचा ताबा सुटतो. ब्रेक जमल्याशिवाय वरच्या उतारावर जाऊ नका. आणि मित्र पुढच्या बॅचमध्ये आहेत म्हणून त्यांच्यामागे धावू नका, आपल्याला जेवढं येतं त्या बॅचमध्येच थांबा.

पुढच्या वेळी बर्फात पिझ्झाचा तुकडा करून थांबता आलं, तर स्टुबेनच्या या मास्तरची आठवण नक्की काढा.