पाच फूट सात इंचांचा क्वार्टरबॅक

डॅलसच्या उपनगरात राहायला येऊन आम्हाला आता अकरा वर्षं झाली. इथं ऑगस्ट लागला की घरोघरी एकच विषय, फुटबॉल. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, नाहीतर पुढं फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा सगळा मामला. आमचे चिरंजीव यंदा नववीत गेलेत आणि त्यांना क्वार्टरबॅक व्हायचंय. उंची पाच फूट चार इंच, अंगानं काडी पैलवान. कोचनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दुसरी एखादी जागा बघ असं सुचवलं. सांगलीहून त्याच्या आजीनं व्हिडिओ कॉलवर हा खेळ एकदाच पाहिला आणि पोराची हाडं मोडून घ्यायला अमेरिकेत गेलात का, अशा अर्थाचं बरंच काही सुनावलं. पालकांच्या सहीचा फॉर्म तेव्हापासून फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकतोय.

आमच्या गल्लीत एक टेक्सन आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे. हा सगळा तिढा ऐकून त्यांनी फक्त एक नाव सांगितलं, डेव्ही ओब्रायन. मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

गावाकडच्या वाचकांसाठी आधी थोडं खेळाबद्दल. प्रत्येक चाल सुरू झाली की चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. कुठला गडी मोकळा आहे ते दोन-तीन सेकंदांत हेरून त्यानं चेंडू अचूक फेकायचा. त्याच्यापुढं त्याचेच पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे असतात, त्यांना लाइनमन म्हणतात. समोरचे तितकेच दांडगे ती भिंत फोडायला धडपडत असतात. म्हणून बुटक्या क्वार्टरबॅकबद्दल दोन शंका कायम घेतल्या जातात. एक, भिंतीपलीकडचं त्याला दिसणार कसं? आणि दुसरी, भिंत फुटली तर तो वाचणार कसा?

रॉबर्ट डेव्हिड ओब्रायन हा डॅलसचाच मुलगा, जन्म 22 जून 1917 चा. इथल्या वुड्रो विल्सन हायस्कूलमध्ये शिकला आणि शेजारच्या फोर्ट वर्थमधल्या टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत, म्हणजे टीसीयूत, गेला. उंची पाच फूट सात इंच, वजन 150 पौंड, आपल्या हिशेबानं 68 किलो. तिथं त्याच्या आधीचा हिरो होता सॅमी बॉ, सव्वासहा फुटांच्या आसपासचा, पुढं या खेळातला दंतकथा बनलेला माणूस. 1936 साली डेव्ही त्याचा बदली खेळाडू म्हणून बाकावर बसून असायचा. 1937 मध्ये बॉ व्यावसायिक फुटबॉल खेळायला वॉशिंग्टनला गेला आणि त्याची जागा या छोट्याला मिळाली. केवढे मोठे बूट आणि केवढेसे पाय, असंच तेव्हा बघणाऱ्यांना वाटलं असणार.

पण टीसीयूचे कोच डच मायर यांचा भर छोट्या, झटपट पासवर होता. चेंडू हातात रेंगाळूच द्यायचा नाही. डेव्हीच्या हाताला ती लय अशी काही बसली की 1938 चा अख्खा मोसम टीसीयू एकही सामना हरली नाही. त्यानं 1,457 यार्डांचे पास फेकले, त्यातून 19 टचडाउन झाले, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती त्याचे पास गेले ते चारच. नव्या वर्षातल्या शुगर बोल सामन्यात टीसीयूनं कार्नेगी टेकला 15-7 असं हरवलं, त्यात टचडाउनचा पासही डेव्हीचा आणि फील्ड गोलही त्याचाच. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून हाइसमन ट्रॉफी त्याला मिळाली. हाइसमन, मॅक्सवेल आणि वॉल्टर कॅम्प हे तिन्ही मोठे सन्मान एकाच वर्षी मिळवणारा तो पहिला खेळाडू.

इथवर वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, मूर्ती लहान पण कीर्ती महान, आता सही करून टाकावी. नवऱ्यानं मात्र शांतपणे एक गोष्ट दाखवून दिली. 1939 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, डेव्ही चौथा निवडला गेला. पण सगळ्यांत पहिला निवडला गेला तो टीसीयूचाच चार्ल्स आल्ड्रिच, डेव्हीच्या हाती चेंडू देणारा सेंटर. आणि आठव्या क्रमांकावर पुन्हा टीसीयूचाच आय. बी. हेल, डेव्हीच्या पुढं उभा राहणारा टॅकल. म्हणजे ज्या भिंतीमागून या पोरानं सगळी कमाल केली, त्या भिंतीतले दोघे देशातल्या पहिल्या आठांत होते!

डेव्हीला घेतलं फिलाडेल्फिया ईगल्सनं. भिंत अर्थातच बरोबर आली नाही. आल्ड्रिच शिकागोला गेला, हेलला वॉशिंग्टननं निवडलं. ईगल्स तेव्हा लीगमधला अगदी गरीब आणि दुबळा संघ होता. मालक बर्ट बेल हेच कोचही. त्यांनी डेव्हीला त्या काळाच्या मानानं घसघशीत पैसे दिले, पण एवढासा जीव या लांडग्यांत टिकेल का, ही धास्ती त्यांनाही होती. म्हणून त्यांनी काय करावं? लंडनच्या लॉइड्सकडं या खेळाडूचा दुखापतीचा विमा उतरवला. माणूस जायबंदी होऊन सामना चुकला तर भरपाई मिळावी म्हणून.

ती भरपाई मागायची वेळच आली नाही. 1939 मध्ये ईगल्सचे 11 सामने झाले, 1940 मध्ये 11. डेव्ही सगळे 22 खेळला. त्या काळी आजच्यासारखे हल्ल्याचे वेगळे आणि बचावाचे वेगळे खेळाडू नसत. पास फेकून झाला की याच 68 किलोंनी पळत्या दांडग्यांना अडवायलाही उभं राहायचं. डोक्यावर चामड्याचं हेल्मेट, तोंडासमोर जाळी वगैरे काही नाही.

पहिल्याच मोसमात त्यानं 1,324 यार्डांचे पास फेकले. लीगमध्ये त्या वर्षी सर्वांत जास्त, आणि तोवरचा विक्रमही. त्याच मोसमात, 22 ऑक्टोबर 1939 ला, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरचा ईगल्सचा सामना टीव्हीवर दाखवला गेला. व्यावसायिक फुटबॉलचं ते पहिलंच प्रक्षेपण. सामना ईगल्स 23-14 असा हरले.

हरण्याचं म्हणाल तर ते नेहमीचंच होतं. 1939 मध्ये एक विजय, नऊ पराभव, एक बरोबरी. 1940 मध्ये एक विजय आणि दहा पराभव. दोन वर्षांत त्याच्या पासवर 11 टचडाउन झाले आणि 34 पास समोरच्यांनी मध्येच पकडले. कॉलेजात वर्षभरात चारच पास गमावणारा तोच हा मुलगा. मला सगळ्यांत जास्त टोचला तो वेगळाच आकडा. तेव्हा पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर मागं गेलेले यार्ड त्याच्या पळण्याच्या खात्यातून वजा होत. 1940 च्या मोसमात डेव्हीच्या त्या खात्यात उणे 180 यार्ड आहेत. उणे! चेंडू हातात आला की भिंत कोसळायची, आणि त्याखालून उठून तो परत उभा राहायचा. एक अख्खा मोसम हेच.

शेवटचा सामना 1 डिसेंबर 1940 ला वॉशिंग्टनमध्ये होता, समोर सॅमी बॉ. ईगल्सना पळून पुढं जाणं जमतच नव्हतं, म्हणून डेव्ही फेकत राहिला. 60 पास फेकले, त्यातले 33 पोचले. एका सामन्यात इतके पास तोवर कुणी फेकले नव्हते. त्यातले बरेचसे झेलले डॉन लूनीनं, टीसीयूपासूनच्या त्याच्या सोबत्यानं. त्या मोसमात लीगमध्ये सर्वांत जास्त, 58 झेल लूनीचेच. सामना अर्थात गेला, 13-6.

बरोबर एका आठवड्यानं त्याच मैदानावर शिकागो बेअर्सनी याच वॉशिंग्टनचा 73-0 असा फडशा पाडला. बेअर्स खेळत होते टी फॉर्मेशननं. मग सगळेच संघ हळूहळू तिकडं वळले. माझ्या मते बुटक्यांचं खरं नुकसान केलं ते या बदलानं. आधीच्या बहुतेक रचनांत चेंडू फेकणारा काही यार्ड मागं उभा असायचा, त्यामुळं गड्यांमधल्या फटी दिसायच्या. टी मध्ये तो सेंटरच्या पाठीला चिकटून उभा राहू लागला, समोर सगळी ताडमाड माणसं. पुढं शॉटगन रचनेनं क्वार्टरबॅक पुन्हा मागं सरकला आणि फेकणाऱ्याला वाचवणारे नियमही कडक होत गेले. कायलर मरे, ब्राइस यंग असे पाच फूट दहाच्या आसपासचे क्वार्टरबॅक हल्ली ड्राफ्टमध्ये पहिले निवडले जातात, ते त्यानंतरच. पण हा ब्राइस यंग 2023 साली कॅरोलायनाला गेला, आणि पहिल्याच मोसमात त्याला 62 वेळा पाडलं गेलं. संघ 2 सामने जिंकला, 15 हरला. डेव्हीची 1940 ची गोष्ट वाचून यंगकडं बघितलं की भिंतच आठवते, उंची नव्हे.

डेव्ही मात्र दोनच मोसमांनंतर खेळ सोडून गेला, तेही धडधाकट असताना. वय 23. तो एफबीआयमध्ये भरती झाला. सरकारी पगार फुटबॉलच्या मानानं कमीच, पण त्याला ते काम हवं होतं. दहा वर्षं तिथं राहिला. क्वांटिकोला नव्या एजंटांना बंदूक चालवायला शिकवायचा. नजर आणि हात दोन्ही पक्के, त्यामुळं मला याचं मुळीच नवल वाटलं नाही. गंमत म्हणजे त्याच्या पुढं भिंत करून उभा राहणारा तो हेलसुद्धा एफबीआयमध्येच गेला.

1950 मध्ये नोकरी सोडून डेव्ही टेक्सासच्या जमीन आणि तेल व्यवसायात शिरला. फोर्ट वर्थमध्ये संसार केला, वायएमसीएचं काम केलं, स्पेशल ऑलिंपिक्समध्ये दिव्यांग मुलांच्या गोल्फची जबाबदारी घेतली. अंगावर शंभर-शंभर किलोची माणसं पडूनही ज्याचा सामना चुकला नाही, त्याला 1971 मध्ये कॅन्सरनं गाठलं. एक मूत्रपिंड आणि उजव्या फुफ्फुसाचा भाग काढावा लागला. त्यानंतरही सहा वर्षं काढली. 18 नोव्हेंबर 1977 ला तो गेला, अवघ्या साठीत. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज क्वार्टरबॅकला दर वर्षी जो पुरस्कार देतात, त्याला आता डेव्ही ओब्रायनचं नाव आहे. 1984 मध्ये तो डग फ्लूटीला मिळाला, 2018 मध्ये मरेला, 2021 मध्ये यंगला. तिघंही सहा फुटांच्या आतले.

ही सगळी गोष्ट मी चिरंजीवांना जेवताना सांगितली. त्यांनी त्यातलं हाइसमन तेवढं ऐकलं. आजीला फोनवर सांगितली, तिनं विमा तेवढा ऐकला. फॉर्म अजून फ्रिजवरच आहे. येत्या शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर सराव आहे. आम्ही दोघं बघायला जाणार आहोत, पण आमच्या मुलाला नाही. त्याच्यापुढं उभी राहणारी ती पाच पोरं कोण आहेत आणि कशी उभी राहतात, ते बघायला.