गॅरी किल्डॉल आणि उघड्या फायलींचा हिशेब

शाळेच्या संगणकावर एखादा निबंध उघडावा, त्यात दोन ओळी वाढवाव्या आणि तो बंद करावा, एवढ्या साध्या कृतीसाठीही यंत्रास बरेच काही ध्यानात ठेवावे लागते. कोणती फाइल उघडी आहे, तिचा मजकूर डिस्कवर कोठे कोठे विखुरला आहे, वाचन कोणत्या ठिकाणापर्यंत आले आहे, याची नोंद कोणी तरी ठेवलीच पाहिजे. घरगुती संगणकांच्या आरंभकाळी या प्रश्नाचे ज्यांनी दिलेले उत्तर सर्वत्र रूढ झाले, त्या गॅरी किल्डॉल यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकले असेल.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल या बंदराच्या शहरी झाला. त्यांच्या घराण्याची नौकानयन शिकविणारी शाळा होती. वॉशिंग्टन विद्यापीठात ते गेले तेव्हा गणिताचा शिक्षक व्हावे एवढाच त्यांचा मानस होता. परंतु तेथे संगणकाशी गाठ पडली आणि मन तिकडे ओढले गेले. तरीही शिक्षकी सुटली नाही, हे आम्हां शिक्षकांना विशेष वाटते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते अध्यापन करू लागले आणि १९७२ साली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली.

त्या सुमारास इंटेल कंपनीने एका लहानशा चिपेत संगणकाचे मुख्य अंग सामावून दाखविले होते. खोलीभर पसरणाऱ्या यंत्रांची सवय असलेल्या विद्वानांना ती चिप म्हणजे खेळणे वाटे. किल्डॉल यांना तसे वाटले नाही. त्यांनी इंटेलसाठी पीएल/एम नावाची संगणकभाषा तयार केली आणि एक फ्लॉपी डिस्कचे यंत्र मिळविले. ते चिपेला जोडण्याचे काम त्यांना साधेना. अखेर जॉन टोरोड या मित्राने ती जोडणी करून दिली. या जोडीला चालविण्यासाठी १९७४ साली किल्डॉल यांनी जो प्रोग्राम लिहिला, तोच सीपी/एम होय. पुढे पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी पॅसिफिक ग्रोव्ह या गावी डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली.

त्या काळच्या डिस्केवर सुमारे अडीच लाख बाइट मावत आणि संगणकाची मेमरी तर कित्येकदा १६ किलोबाइटच असे. एवढ्या तुटपुंज्या जागेत ऑपरेटिंग सिस्टीमने स्वतःसाठी मोठमोठे तक्ते मांडून बसावे, हे परवडणारे नव्हते. म्हणून किल्डॉल यांनी प्रत्येक उघड्या फाइलीसाठी ३६ बाइटांची एक नोंदपट्टी ठरविली. तिला फाइल कंट्रोल ब्लॉक म्हणत. पहिल्या घरात डिस्कचा क्रमांक, पुढील ८ घरांत फाइलीचे नाव, नंतरच्या ३ घरांत तिचा प्रकार; पुढे १६ घरांत मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांत ठेवला आहे त्याचा नकाशा; आणि शेवटी वाचन कोठवर आले त्याचा आकडा.

खरी मौज पुढेच आहे. ही पट्टी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःजवळ ठेवीतच नसे! ती प्रोग्रामच्याच मेमरीत असे. सरकारी दवाखान्यात रुग्ण आपला केसपेपर स्वतःच्या हाती घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. डॉक्टर तो पाहतात, त्यावर चार अक्षरे लिहितात आणि कागद रुग्णास परत देतात. येथेही तोच प्रकार. प्रोग्रामने पट्टीवर नाव लिहून ती पुढे करावी. सीपी/एमने डिस्कवरील सूचीत ते नाव शोधून नकाशा पट्टीवर उतरवून द्यावा. पुढे प्रत्येक वाचनाच्या व लेखनाच्या वेळी तीच पट्टी दाखवावयाची. एका वेळी १२८ बाइट वाचले की पट्टीवरील आकडा एकाने वाढे. कोणकोणत्या फायली उघड्या आहेत याची यादी सीपी/एमपाशी नसल्यामुळे, प्रोग्रामपाशी जितक्या पट्ट्यांना जागा, तितक्या फायली त्याने खुशाल उघडाव्या.

मात्र केसपेपर हरवला तर काय? फाइलीत नवा मजकूर घातला की त्याच्या जागेचा पत्ता आधी केवळ पट्टीवरच चढे. फाइल बंद करण्याची आज्ञा मिळाल्यावरच तो डिस्कवरील सूचीत जाई. नुसते वाचन केले असेल तर बंद न करताही भागे. परंतु लिहून झाल्यावर ही आज्ञा राहून गेली तर मजकूर डिस्कवर असूनही सापडत नसे. मध्येच कोणी डिस्क बदलली तर जुन्या नकाशाने नव्या डिस्केवर लिहिले जाण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी सीपी/एम सूचीची बेरीज ताडून पाही आणि फरक आढळताच त्या डिस्केवर लिहिण्याचे नाकारी. पुढे एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करू लागली, तेव्हा एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याने बिघडवू नये म्हणून याच कंपनीच्या एमपी/एम या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत उघड्या फायलींची यादी मध्यवर्ती जागी ठेवावी लागली. आमच्या मते यात पहिल्या योजनेचा पराभव नाही. ती एका माणसाच्या, एका लहान यंत्रासाठी होती.

१९८० साली आयबीएम कंपनीचे लोक आपल्या नव्या संगणकासाठी सीपी/एम मागावयास पॅसिफिक ग्रोव्हला आले. त्या सकाळी किल्डॉल स्वतःच्या विमानाने धंद्याच्याच कामासाठी गेले होते. ते मौजेखातर उडत राहिले आणि लक्ष्मी दारातून परत गेली, ही दंतकथा पुढे त्यांना जन्मभर छळीत राहिली. गुप्ततेच्या करारावरून प्रथम अडले आणि पुढील बोलणीही तडीस गेली नाहीत. इकडे सिएटल येथील टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या प्रोग्रामांना सहज रूपांतरित करता यावे अशा बेताने एक प्रणाली लिहिली होती. ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १९८१ च्या ऑगस्टात आयबीएमच्या संगणकाबरोबर डॉस या नावाने बाजारात आली. नंतर किल्डॉल यांची सीपी/एम-८६ ही प्रणालीही आयबीएमने विक्रीस ठेवली. पण डॉसची किंमत ४० डॉलर आणि हिची २४०. गिऱ्हाइकाने काय घेतले असेल, हे सांगावयास नको.

१९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्सची रीत उचलली. उघड्या फायलींचा तक्ता ऑपरेटिंग सिस्टीमने आपल्या ताब्यात घेतला आणि प्रोग्रामच्या हाती केवळ एक क्रमांक राहिला. जणू केसपेपर दवाखान्यातच राहिला आणि रुग्णास बिल्ला मिळाला. तक्ता आला तशी मर्यादाही आली: न सांगता ८ फायलींपुरतीच सोय असे, अधिक हव्या असल्यास तसे यंत्रास आधी लिहून द्यावे लागे.

किल्डॉल यांनी पुढेही पुष्कळ कामे केली; दूरचित्रवाणीवर संगणकाविषयीच्या एका कार्यक्रमाचे सहनिवेदनही केले. १९९१ साली डिजिटल रिसर्च ही कंपनी नोव्हेल कंपनीकडे गेली. ११ जुलै १९९४ रोजी मॉन्टेरे येथे, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पॅसिफिक ग्रोव्ह येथे कंपनीच्या जुन्या कचेरीपाशी २०१४ साली त्यांच्या कार्याची नोंद करणारा फलक बसविण्यात आला.

सीपी/एममध्ये पहिल्या नोंदपट्टीची जागा मेमरीच्या ९२ व्या स्थानी असे. डॉसने क्रमांकांची रीत स्वीकारल्यानंतरही, चालू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामापुढे २५६ बाइटांचे जे प्रास्ताविक तो जोडी, त्यात ९२ व्याच स्थानी किल्डॉल यांच्या त्या पट्टीसाठी जागा राखलेली असे. ती अखेरच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहिली.