हट्ट सुटला, नाम राहिले : श्रीनामदेवरायांचे चरित्र

हिंगोलीहून नर्सीला गेलेल्या वारकरी माउलींना कयाधूचा काठ ठाऊक आहेच. श्रीसंत नामदेवरायांचे जन्मग्राम म्हणून त्या नर्सीची धूळ आपण मस्तकी लावतो. कोणी चरित्रकार त्यांचा जन्म पंढरपूरचा मानतात. त्या वादात आज शिरण्याचे प्रयोजन नाही. शके ११९२, म्हणजे इ. स. १२७०, कार्तिक शुद्ध एकादशी हा त्यांचा जन्मदिवस. पिता दामाशेटी, माता गोणाई, घरचा व्यवसाय शिंप्याचा आणि कुळात विठ्ठलाची भक्ती. हे चरित्र आपण सर्वांनी कीर्तनातून अनेकदा ऐकले आहे. आज ते पुन्हा सांगायचे ते एका प्रश्नासाठी. एखादी गोष्ट फळत नाही असे दिसल्यावर ती किती काळ धरावी, आणि केव्हा सोडून चालू लागावे?

आता असे पाहा. नामदेवराय लहान असताना वडील गावाला गेले आणि नैवेद्याचे ताट मुलाच्या हाती आले. देव काही जेवेना. मुलाने हट्ट घेतला, प्राण द्यायला सिद्ध झाला, तेव्हा देव जेवला. ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण बरं का माउली, पुढची अडचण इथेच जन्माला आली. जो हट्ट एकदा फळला तो मनुष्य जन्मभर उराशी धरून बसतो. देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे खातो, मग आपल्याला आणखी काय शिकायचे राहिले, असे नामदेवरायांना वाटू लागले.

पुढे संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली. मुक्ताबाईंनी विनोदाने म्हणा, परीक्षेसाठी म्हणा, काकांना यातली मडकी पक्की कोणती आणि कच्ची कोणती ते पाहायला सांगितले. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर मारीत चालले. बाकीचे मुकाट्याने बसले. नामदेवराय तेवढे रागावले. निर्णय झाला की हे मडके कच्चे! अपमानाने पोळलेले नामदेवराय तडक पंढरीला आले आणि देवाकडे गाऱ्हाणे घातले. वाटले होते की देव आपली बाजू घेईल. देवाने बाजू घेतली नाही. गुरू केल्यावाचून गती नाही, तेव्हा औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा, असे सांगितले.

माउली, हा क्षण नीट पाहा. लहानपणचा उपाय हाताशी होता. पुन्हा धरणे धरून बसता आले असते, डोके आपटता आले असते. नामदेवरायांनी ते केले नाही. जुना उपाय आता चालत नाही हे त्यांनी ओळखले आणि ते उठले. त्यांनी विठ्ठल सोडला नाही. विठ्ठल आपल्या हट्टाचा बांधील आहे ही समजूत तेवढी सोडली.

गुरूही कसे मिळाले? हे विसोबा पूर्वी विसोबा चाटी म्हणून ज्ञानेश्वर भावंडांना छळणारे. मांडे भाजायला खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले गेले, ते पाहून त्यांचे वैर गळून पडले. जो स्वतः काही टाकून आलेला असतो, तोच दुसऱ्याला टाकायला शिकवतो. औंढ्याच्या देवळात ते पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवराय संतापले. पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंडी उभी, अशी आख्यायिका आहे. तात्पर्य एवढेच की देवाविना रिकामी जागा नाही. आणि एकदा हे कळले, की जागा सोडताना देव सुटत नाही.

हा पाठ खरा झाला तो औंढ्यालाच. कीर्तन चालू असता अडवणूक झाली, नामदेवरायांना देवळामागे जायला लावले. त्यांनी तंटा केला नाही. मागे जाऊन नाम घेऊ लागले. तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे परंपरा सांगते. आजही तिथला नंदी देवळाच्या मागच्या अंगाला आहे.

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, आणि थोड्याच काळात इतर भावंडेही गेली. ज्या मेळ्यात जीव रमला होता तो मोडला. नामदेवरायांनी समाधिसोहळ्याचे अभंग लिहिले, पण त्या शोकातच ते थांबले नाहीत. ते उत्तरेस गेले, पंजाबात घुमानला दीर्घकाळ राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले होते.

सोडण्याची किंमत मात्र विसरू नये. त्यांचे चित्त प्रपंचात नव्हते, आणि त्याची झळ गोणाई व राजाई यांना लागली. त्या दोघींची गाऱ्हाणी आपल्याच गाथेत आहेत. आणि सर्वच काही त्यांनी सोडले असेही नाही. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. माणूस त्यांनी मेल्यावरही टाकला नाही.

संस्कृतात निग्रह आणि आग्रह हे दोन्ही शब्द एकाच ‘ग्रह्’ धातूचे. निग्रहात मनुष्य स्वतःला धरतो, आग्रहात वस्तूला. निग्रह ठेवावा, आग्रह सोडावा. माझेच सांगतो. तरुणपणी एका आख्यानावर श्रोते रडत. पुढे वीस वर्षे मी तेच आख्यान त्याच चालीत लावीत राहिलो. लोक पेंगू लागले तेव्हा मी लोकांना दोष दिला. एका रात्री एक म्हातारी माउली म्हणाली, बुवा, आता दुसरं लावा. त्या रात्री मला थापटणे बसले! बांधाचा तंटा असो, जुने वैर असो, तुमच्याही घरी असे काहीतरी असेल. त्यात देव धरला आहे की आपलाच हट्ट, एवढे पाहावे.

शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवरायांनी पंढरीच्या महाद्वारी देह ठेवला. ज्याने बालपणी देवाला आपल्या हातचे खायला लावले, तो शेवटी भक्तांच्या पायांखालची पायरी झाला. वारीला जाल तेव्हा त्या पायरीला हात लावताना आपलाही एखादा हट्ट तिथेच ठेवून यावा.

राम कृष्ण हरि.