प्राध्यापक दामोदर कोसंबी आणि विषयांची निवड

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मुले बारावीची परीक्षा देऊन महाविद्यालयात जावयास निघत, तेव्हा पूर्वी त्यांजपुढे तीनच दारे असत : कला, वाणिज्य आणि विज्ञान. एका दारातून आत गेलेल्यास दुसऱ्या दालनात डोकावण्याची सोय नव्हती. आता तसे राहिले नाही. २०२० साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांतही मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय अशी मांडणी झाली आहे. प्रत्येक विषयाचे श्रेयांक, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेले क्रेडिट, साठवीत जावयाचे आणि त्यांच्या बेरजेवर पदवी मिळवावयाची. भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुलीस इतिहास घेता येतो, अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलास संगणकाचा अभ्यासक्रम घेता येतो. स्वातंत्र्य आले, पण त्यासोबत घोरही आला. काय घ्यावे, हे मुलांस उमगत नाही आणि पालकांस सांगता येत नाही. मग सोपा विषय कोणता, गुण कोठे पडतात, शेजारच्या मुलाने काय घेतले, एवढ्यावरच पुष्कळदा निवड होते.

अशीच मोकळीक शंभर वर्षांपूर्वी एका मराठी मुलास मिळाली होती. त्याने तिचे काय केले आणि त्याबद्दल त्यास काय मोजावे लागले, हे वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें या गावी झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे प्रख्यात पंडित होत. बुद्धाचा धर्म मुळातून जाणावा या एका ओढीने ते घर सोडून निघाले आणि काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडून विद्या मिळवून परतले. १९४७ साली आपल्या विदर्भातच, सेवाग्रामी, त्यांनी देह ठेवला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते काही वर्षे पाली शिकवीत. पुढे विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाकरिता अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस पुन्हा बोलाविले, तेव्हा १९१८ साली ते आपली थोरली मुलगी आणि अकरा वर्षांचा दामोदर यांस बरोबर घेऊन गेले. घरी या मुलास बाबा म्हणत. विद्यापीठाच्याच गावी, केंब्रिज येथे, बाबाचे शालेय शिक्षण झाले. शेवटच्या परीक्षेत त्याने इतके उत्तम यश मिळविले की, हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्यास माफ झाली. १९२४ साली त्याचे नाव विद्यापीठात दाखल झाले. परंतु लगेच खंड पडून तो हिंदुस्थानात परतला आणि १९२६ च्या जानेवारीत पुन्हा अमेरिकेस गेला.

त्या काळच्या हार्वर्डची रीत येथे सांगितली पाहिजे. चार्ल्स एलियट हे १८६९ पासून १९०९ पर्यंत, चाळीस वर्षे, त्या विद्यापीठाचे अध्यक्ष होते. सर्वांस सक्तीने ग्रीक, लॅटिन आणि गणित शिकविण्याची जुनी चाल मोडून विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडावे, अशी पद्धत त्यांनी रूढ केली. तिचे फळ दुहेरी निघाले. ज्यांस विद्येची भूक होती त्यांची चैन झाली. ज्यांस नव्हती त्यांनी सोपे सोपे विषय वेचून पदवीचे गाठोडे बांधले. म्हणून पुढचे अध्यक्ष लॉवेल यांनी बंधन घातले की, काही अभ्यासक्रम एका शाखेत एकवटावे आणि काही इतर शाखांत वाटावे. आमच्या मुलांपुढे आज जे मुख्य आणि गौण असे भाग आले आहेत, त्यांची ही जवळजवळ आजीच म्हणावयाची.

बाबाचे गणित असामान्य होते. जॉर्ज बर्कहॉफ हे त्या वेळी अमेरिकेतील अग्रगण्य गणितज्ञ. त्यांची इच्छा अशी की, या मुलाने गणितावरच सारे बळ लावावे. त्यांचे म्हणणे अयोग्य नव्हते. गणितात ज्यास शिखर गाठावयाचे त्याने तरुणपणीची वर्षे इतरत्र उधळू नयेत, हे त्या शास्त्रातील पुष्कळांचे मत असते. पण बाबाने ऐकले नाही. त्याने नाना विषयांचे अभ्यासक्रम घेतले आणि ज्यात हात घातला त्यात उत्तम गुण मिळविले. ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन या भाषा त्याने आपल्याशा केल्या. १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह त्यास बी. ए.ची पदवी मिळाली. या ठिकाणी आम्ही पालकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधतो. त्याने जे अनेक विषय घेतले ते गणित टाळण्याकरिता घेतले नव्हते. आणि एकही विषय सोपा म्हणून घेतला नव्हता.

त्याच वर्षी कोसंबी स्वदेशी परतले. डॉक्टरेटची पदवी त्यांनी घेतली नव्हती आणि पुढेही घेतली नाही. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात ते गणिताबरोबर जर्मन भाषाही शिकवीत. हार्वर्डमधील निवडीचे पहिले व्यावहारिक फळ हेच. तेथून ते अलीगढ येथे गेले. आंद्रे वेल या थोर फ्रेंच गणितज्ञाने त्यांस तेथे नेले होते. १९३३ पासून बारा वर्षे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात, जेथे वडिलांनी पाली शिकविली तेथेच, गणित शिकविले. १९३४ साली त्यांस रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले.

या पुण्याच्या मुक्कामात त्यांच्या विद्येची जी वाटचाल झाली ती मोठी मनोवेधक आहे. संख्याशास्त्र शिकावयाचे तर नुसती सूत्रे घोकण्यापेक्षा एखादा खरा प्रश्न घेऊन ते शिकावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी प्रश्न घेतला तो प्राचीन आहत नाण्यांचा. चांदीच्या पत्र्याचे तुकडे करून त्यांवर ठसे उमटविलेली ही नाणी मौर्यकाळातील व त्याही पूर्वीची असून त्यांवर राजाचे नाव नसते. कोसंबींनी विचार केला की, नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते; तेव्हा पुष्कळ नाणी काळजीने तोलली तर त्यांच्या वजनातील सरासरी घट हे त्यांच्या वयाचे घड्याळच ठरेल. याचा पडताळा पाहण्याकरिता त्यांनी बाजारात चालू असलेली नाणीही हजारोंनी तोलली. नाण्याच्या मागील बाजूस जितके बारीक ठसे अधिक तितके वजन कमी, असे प्राचीन नाण्यांत आढळून आले. त्यावरून हे ठसे व्यापाऱ्यांनी वेळोवेळी पारख करून मारलेले असावेत, या तर्कास बळ मिळाले. गणिताच्या प्राध्यापकाने तराजू हाती घेतल्याने इतिहासात उजेड पडला.

परंतु तराजू राजांची नावे सांगत नाही. नाणी पाडली कोणी, हे पाहावयाचे तर जुने ग्रंथ वाचले पाहिजेत आणि त्याकरिता संस्कृत आले पाहिजे. कोसंबींनी संस्कृताचा शिस्तवार अभ्यास केलेला नव्हता. घरातील वातावरणाने जे अंगी मुरले तेवढेच. त्यांनी भर्तृहरीची सुभाषिते अभ्यासास घेतली आणि मग हस्तलिखितांतील पाठभेद त्यांस गप्प बसू देईनात. शेकडो पोथ्या पडताळून त्यांनी भर्तृहरीची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. ती १९४८ साली निघाली. पुढे १९५७ साली वि. वि. गोखले यांच्यासह संपादिलेला विद्याकराचा सुभाषितरत्नकोश हार्वर्डच्याच प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. ज्या विद्यापीठात ते पाठ्यक्रम निवडीत होते त्याने तीस वर्षांनी त्यांचे संस्कृताचे काम छापले! ग्रंथांनीही समाधान होईना, तेव्हा ते पायी हिंडू लागले. कार्ले, जुन्नर येथील लेणी, घाटातील जुन्या व्यापारी वाटा, खेड्यापाड्यांच्या वेशीवरील देवी, शेतांत सापडणारी लहान लहान दगडी हत्यारे, हे सारे पाहून त्यांनी हिंदुस्थानचा इतिहास पुन्हा मांडला. १९५६ साली निघालेल्या त्यांच्या इतिहासग्रंथात राजांच्या वंशावळीपेक्षा नांगर, जमीन, जाती आणि व्यापार यांस अधिक जागा आहे. त्यांची मते सर्वांस पटली असे नाही. ते मार्क्सच्या विचारांचे होते आणि त्यावरून वाद पुष्कळ झाले. पण त्यांच्या नंतरच्या कोणाही इतिहासकारास त्यांस वगळून पुढे जाता आले नाही.

दरम्यान गणित चालूच होते. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीत एक सूत्र दिले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे त्यावरून काढता येते. पिकांच्या व प्राण्यांच्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ आजही ते कोसंबींच्या नावाने वापरतात. कापूस पिकविणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील एखादा विद्यार्थी उद्या कृषिविद्यापीठात वनस्पतिप्रजनन शिकू लागला, तर त्यास हे नाव तेथे भेटेल. त्या वेळी हेच गृहस्थ भर्तृहरीचे संपादक होते, हे मात्र त्यास कोणी सांगेलच असे नाही.

आता दुसरी बाजू. होमी भाभा यांनी १९४५ साली कोसंबींस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईस जावे आणि सायंकाळी परतावे, असा त्यांचा क्रम पडला. परंतु तेथील तरुण गणितज्ञ एकाच शाखेत खोल उतरलेले होते. नाणी, पोथ्या आणि लेणी यांत वेळ घालविणारा गणिती त्यांतील कित्येकांस परकाच वाटे. उत्तरायुष्यात कोसंबींनी मूळ संख्यांविषयीचा रीमानचा सुप्रसिद्ध कूटप्रश्न संभाव्यतेच्या मार्गाने सोडविल्याचा दावा केला आणि तो कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. त्यात दोष निघाले. गणितज्ञ म्हणून त्यांच्या लौकिकास यामुळे मोठा धक्का बसला. १९६२ साली संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. यामागे इतरही कारणे होती; स्वभाव फटकळ, मते तीव्र. तरी बर्कहॉफ यांचा जुना सल्ला येथे आठवल्यावाचून राहत नाही. सारे बळ गणितात लावले असते तर कोसंबी किती उंच गेले असते, हा प्रश्न गणितज्ञ अजून विचारतात. इतिहासाचे अभ्यासक तो विचारीत नाहीत, कारण तसे घडते तर त्यांची फार मोठी हानी झाली असती. आमच्या मते ही किंमत खरीच होती. आणि कोसंबींनी ती उघड्या डोळ्यांनी दिली.

मुलांस एक गोष्ट मात्र नीट दिसावी. संख्याशास्त्राने नाणी दाखविली, नाण्यांनी ग्रंथ, ग्रंथांनी लेणी आणि वाटा. प्रत्येक विषय आधीच्या विषयाच्या गरजेतून आला आणि पायाखाली गणित भक्कम होते. आमच्या लोणारचे सरोवर घ्या. बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर भूशास्त्राचे. त्यातील खारे, अल्कधर्मी पाणी रसायनाचे. जवळचे दैत्यसूदन मंदिर इतिहासाचे आणि शिल्पाचे. सरोवर एकच आहे, त्याची वाटणी आपण केली. त्याविषयी ज्यास खरोखर काही विचारावयाचे आहे, त्यास गौण विषय कोणता घ्यावा हे फारसे विचारावे लागणार नाही.

१९६४ साली कोसंबी पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी मानद शास्त्रज्ञ म्हणून जोडले गेले. तेथे असतानाच २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, वय अठ्ठावन्न. त्याच संस्थेतून पुढे आघारकर संशोधन संस्था नावारूपास आली. आणि २०२० च्या जून महिन्यात लोणारचे पाणी अकस्मात गुलाबी झाले, तेव्हा त्याचे नमुने तपासून हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे, असे तेथील शास्त्रज्ञांनी सांगितले.